घरचा संगणक मंदावलाय? नवा घेण्याआधी उघडून पाहा

"फार जुना झालाय हो, आता नवाच घ्यावा लागणार." संगणकाबद्दल हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : जुना झालाय म्हणजे नेमकं काय होतंय? सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात? चार खिडक्या उघडल्या की अडकतो? पंखा सारखा घोंघावतो? की चालता चालता एकदम बंद पडतो? या चारही दुखण्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. दुखणं न ओळखता सुटे भाग आणले, तर पैसे जातात आणि संगणक तसाच राहतो. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, कमी पडत असताना नवा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, बसवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा हिरमोड टाळता आला असता, म्हणून हा लेख.

ज्यांनी आजवर कॅबिनेटचं झाकण एकदाही उघडलेलं नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. लागणारी अवजारं थोडीच : एक चांगला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एक मऊ कोरडा ब्रश, हवा मारायचा ब्लोअर आणि भरपूर उजेड. क्रम मात्र मी सांगतोय तसाच ठेवा. आधी बॅकअप, मग तपासणी, मग सफाई आणि सगळ्यात शेवटी खरेदी.

बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर

ही पायरी सगळ्यांना माहीत असते, तरी बहुतेक जण ती टाळतात. मीही टाळली होती. एकदा जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवत होतो. दोन्ही डिस्क एकाच क्षमतेच्या, पडद्यावर दोन्हींची नावंही जवळपास सारखीच. कुठून कुठे न्यायचं ते निवडताना गल्लत झाली आणि कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरली. त्या भरलेल्या डिस्कवर घरातल्या सहा वर्षांचे फोटो होते. काही परत मिळाले, बरेचसे कायमचे गेले. तेव्हापासून बॅकअप घेतल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

नियम सोपा आहे. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर हवी. पहिली प्रत संगणकात असतेच. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि तिसरी क्लाउडवर किंवा विश्वासू नातलगाकडे ठेवलेल्या डिस्कवर. बाहेरची डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवा. ती कायम जोडलेली राहिली, तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा एखादा व्हायरस तिच्यावरही हात मारतो. बॅकअप घेतल्यावर त्यातल्या पाच-सहा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडणारा बॅकअप काही कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट नव्या माणसांना कोणी सांगत नाही. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद असतो. एरवी ते जाणवत नाही. पण मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदलला, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट केलं किंवा त्यातली सेटिंग बदलली की संगणक अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. कामाला लागण्याआधी ती शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा.

दुखणं कुठे आहे?

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स नावाच्या भागात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क अशा ओळी आणि त्यांचे आलेख दिसतात. आता संगणक रोज वापरता तसाच वापरा. ब्राउझर उघडा, नेहमीच्या टॅब उघडा, एखादं मोठं कागदपत्र उघडा. संगणक अडकायला लागला की या खिडकीकडे पाहा.

डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर चिकटून असेल आणि सीपीयू मात्र निवांत असेल, तर अडचण डिस्कची आहे. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. या दोन्ही गोष्टी बरेचदा एकत्र दिसतात, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवतं आणि लागला की परत आणतं. रॅमच्या तुलनेत डिस्क फारच संथ, त्यामुळे या ने-आणीत संगणक गुदमरतो. म्हणजे दुखतं डिस्कला आणि रोग असतो रॅमचा. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचा.

सीपीयू सतत १०० टक्के असेल, तर लगेच प्रोसेसरला दोष देऊ नका. प्रोसेसेस या भागात जाऊन कोणता प्रोग्रॅम एवढं खातोय ते पाहा. कधी अडकलेलं अपडेट असतं, कधी दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत असतात, कधी ब्राउझरमध्ये कोणीतरी टाकलेलं नको ते एक्स्टेन्शन असतं.

याच खिडकीत खरेदीआधी लागणारी माहितीही मिळते. डिस्कच्या ओळीखाली ती एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर चालणारी डिस्क), ते लिहिलेलं असतं. मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट, म्हणजे रॅमच्या पट्ट्या बसवायच्या जागा, आहेत, त्यांतले किती भरलेत आणि रॅमचा वेग किती, हे दिसतं. हे सगळं कागदावर लिहून घ्या. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडलं की मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा मॉडेल क्रमांकही मिळेल, तोही लिहा. या मॉडेलचं मॅन्युअल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं आणि पुढच्या प्रत्येक निर्णयाला तेच आधार असतं.

डिस्कची तब्येतही पाहून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल नोंदवलेली माहिती दाखवतो. त्यात ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी हार्ड डिस्कच्या बाबतीत महत्त्वाच्या. पहिली म्हणजे खराब होऊन बाद झालेल्या जागा, दुसरी म्हणजे वाचताना अडखळणाऱ्या जागा. आकडा शून्य नसेल आणि आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आजच बॅकअप घ्या. अशी डिस्क कधी जाईल याचा नेम नसतो.

धूळ

डेस्कटॉप दोन-तीन वर्षं उघडला नसेल, तर आतलं दृश्य पाहून धक्का बसेल. प्रोसेसरच्या पंख्याखाली धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला की हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि ९५-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. त्याहूनही तापला तर संगणक सरळ बंद होतो. म्हणजे ‘मंद झालाय’ आणि ‘आपोआप बंद पडतो’ या दोन्ही तक्रारी निव्वळ धुळीच्या असू शकतात. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान दिसतं. सफाईआधी आणि सफाईनंतर ते नोंदवा, फरक डोळ्यांनी दिसेल.

सफाई अशी करायची. संगणक शटडाउन करा, भिंतीतला प्लग काढा आणि मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. लॅपटॉप असेल आणि त्याची बॅटरी आत असेल, तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. कॅबिनेट जमिनीवरच्या गालिच्यावर ठेवू नका, टेबलावर घ्या. आतल्या कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा आणि काम करताना मधूनमधून तो करत राहा. अंगावरच्या स्थिर विजेची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरते.

ब्लोअरने हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा हवेने भन्नाट फिरतो, त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं आणि फिरताना तो वीजही तयार करतो. दाबाखालच्या हवेचा डबा वापरत असाल तर तो उभाच धरा, आडवा केला की आतला द्रव गारेगार फवाऱ्यासारखा बाहेर येतो. घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाजवळ नेऊ नका, तिच्यात स्थिर वीज साठते. तोंडाने फुंकर तर अजिबात मारू नका, थुंकीचे बारीक थेंब बोर्डावर बसतात. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बाहेरूनच साफ करा. त्याचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज उरलेलं असतं.

धूळ गेल्यावरही तापमान उतरलं नाही आणि संगणक पाच-सहा वर्षांचा असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती बदलणं अवघड नाही, पण एक चूक महागात पडते. हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे काही बोर्डांवर प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपसून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक आधी दहा मिनिटं चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवा आणि हीटसिंक दाबून बसवा. स्क्रू एकदम एकच पूर्ण आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा.

पैसे न लागणारी कामं

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपची यादी असते. संगणक सुरू होताच कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप उठतात ते तिथे कळतं. गप्पांची अ‍ॅप, गेमची दुकानं, प्रिंटरचे मदतनीस, कधीच न वापरलेले अपडेटर, हे सगळं डिसेबल करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, लागेल तेव्हा ते हाताने उघडता येतंच. अँटिव्हायरस आणि ध्वनी, टचपॅड यांचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्रॅम) तेवढे राहू द्या.

रीस्टार्ट आणि शटडाउन यांतला फरक फार थोड्यांना माहीत असतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणजे रोज रात्री इमानाने संगणक बंद करणाऱ्याच्याही संगणकात पंधरा दिवसांचं साचलेलं असू शकतं. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतं. काही बिघडलंय असं वाटलं की आधी रीस्टार्ट करा. हा सल्ला ऐकायला पोकळ वाटतो, पण त्यामागे हे खरं कारण आहे.

सी ड्राइव्हवर किमान १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडलं की जागा कशाने खाल्ली ते दिसतं. डाउनलोड्सचं फोल्डर तपासल्याशिवाय रिकामं करू नका, तिथे माणसं नको तेवढ्या महत्त्वाच्या गोष्टी ठेवतात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारे, रॅम मोकळी करणारे, एका क्लिकवर वेग दुप्पट करून देतो म्हणणारे प्रोग्रॅम घेऊ नका. त्यांनी वेग वाढलेला मी कधी पाहिला नाही, बिघडलेलं विंडोज पाहिलंय. अँटिव्हायरस एकच ठेवा. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे, अपडेट मात्र बंद करू नका.

एसएसडी : सगळ्यात मोठा फरक इथे पडतो

तुमच्या संगणकात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि विंडोज तिच्यावर असेल, तर बाकी काहीही घेण्याआधी एसएसडी घ्या. हे मी ठामपणे सांगतो.

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावरून इकडेतिकडे सरकते. प्रत्येक नव्या जागी पोचायला तिला दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला कशाबशा शंभर जागा वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात. तो सगळा वेळ सुईच्या धावपळीत जातो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, सगळ्या चिप. तीच वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून जाहिरातीतला वेगाचा आकडा दुय्यम. साटा या जुन्या प्रकारच्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते, एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारची ३५०० किंवा ७०००ही देते. पण हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, तेवढा साटावरून एनव्हीएमईवर जाताना रोजच्या कामात जाणवत नाही. जुन्या बोर्डावर साटाच बसत असेल, तर वाईट वाटून घेऊ नका.

कोणती बसेल ते मॅन्युअलमध्ये पाहा. अडीच इंची साटा एसएसडी जवळपास प्रत्येक डेस्कटॉपला आणि जुन्या लॅपटॉपला चालते. एम डॉट टू म्हणून मिळणारी पट्टी बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसते. तिच्यावरचा २२८० हा आकडा म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर. घोटाळा इथे होतो : एम डॉट टू हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटाही मिळते आणि एनव्हीएमईही, दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. काही स्लॉट एकच प्रकार घेतात. काही बोर्डांवर हा स्लॉट भरला की साटाचं एखादं पोर्ट बंद होतं. बरेच जुने बोर्ड एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच करू शकत नाहीत. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, दुकानात जाण्याआधी वाचा.

एसएसडी लिहून लिहून झिजते, ही भीती अजून ऐकू येते. झिजते हे खरं. पण हिशोब करून पाहा. १ टीबीच्या बऱ्याच एसएसडींवर ६०० टेराबाइट लिहिता येईल अशी हमी असते. रोज ३० जीबी लिहिलं, आणि घरगुती वापरात सहसा तेवढंही होत नाही, तरी २०,००० दिवस लागतील. म्हणजे चोपन्न वर्षं. तिला डीफ्रॅगची (विखुरलेल्या फायली सलग लावण्याची) गरज नाही, विंडोज एसएसडी ओळखून तिची वेगळी देखभाल स्वतःच करतं. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

आता बसवणं. दोन वाटा आहेत : जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर उतरवणं, किंवा विंडोज नव्याने टाकणं. जुनं विंडोज बरं चालत असेल आणि त्यात खूप प्रोग्रॅम असतील तर पहिली वाट, वर्षानुवर्षांचा कचरा साठला असेल तर दुसरी. मला दुसरी अधिक आवडते. एक दिवस जातो, पण संगणक खरोखर नवा वाटतो.

प्रत काढायची असेल तर एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्यासाठी स्वतःचा प्रोग्रॅम देतात, नाहीतर क्लोनझिला हा फुकट प्रोग्रॅम आहे. जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या एसएसडीत मावेल इतका आधी कमी करा. डेस्कटॉपला एसएसडी दुसऱ्या साटा पोर्टवर जोडा, लॅपटॉपला यूएसबीच्या आवरणातून. मग प्रोग्रॅममध्ये कुठून आणि कुठे निवडताना थांबा. डिस्कचं नाव, क्षमता आणि शक्य असेल तर अनुक्रमांक, तिन्ही मोठ्याने वाचून पक्कं करा. माझे सहा वर्षांचे फोटो याच पडद्यावर गेले होते. प्रत झाली की संगणक बंद करा, जुनी डिस्क काढून ठेवा आणि एकट्या एसएसडीवर संगणक सुरू करून पाहा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर संगणक नेमका कोणावरून सुरू झाला ते कळत नाही. सगळं नीट चाललं की मगच जुनी परत जोडायची का ते ठरवा.

नव्याने टाकायचं असेल तर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागेल. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं मीडिया क्रिएशन टूल त्यावर विंडोज उतरवून देतं, पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. टाकताना संगणकात फक्त नवी एसएसडी जोडलेली ठेवा, म्हणजे चुकून जुनी पुसली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. बोर्ड तोच असेल तर आधी सक्रिय असलेलं विंडोज इंटरनेट जोडल्यावर सहसा आपोआप सक्रिय होतं.

एम डॉट टू पट्टी बसवताना ती साधारण तीस अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा, मग हलकेच खाली दाबून टोकाचा स्क्रू लावा. तो स्क्रू अगदी चिमुकला असतो आणि बऱ्याचदा एसएसडीच्या खोक्यात नसतो. मदरबोर्डच्या खोक्यात किंवा बोर्डावरच लावलेला सापडतो.

रॅम

ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ बघणं एवढंच काम असेल तर ८ जीबीत भागतं, पण तंगीत. १६ जीबी सुखाची. त्याहून जास्त फक्त व्हिडिओ संपादन, मोठे गेम किंवा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना लागते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी कधीच ७० टक्क्यांवर जात नसेल, तर आणखी रॅम टाकून काहीही वेगवान होणार नाही.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. पट्टीच्या कडेला एक खाच असते, तिची जागा प्रत्येक पिढीत वेगळी. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, तरी खाच जुळत नाही. जोर लावून बसवू पाहाल तर स्लॉट तुटेल. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच झाळलेली असते, ती वाढवता येत नाही. शक्यतो एक मोठी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या घ्या, प्रोसेसर दोन वाटांनी एकदम वाचू शकतो. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही संथ पट्टीच्या वेगाने चालतात.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सरळ दाबा, खटका वाजेपर्यंत. नवख्यांचा हात इथे घाबरतो आणि पट्टी अर्धवट बसते. थोडा जोर लागतोच. नंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी बदलून घ्या. बिघडलेली रॅम फायली हळूहळू, न सांगता खराब करते.

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस

जुन्या संगणकात प्रोसेसर बदलण्याच्या फंदात सहसा पडू नका. सॉकेट जुळावं लागतं, बायोसचा पाठिंबा लागतो, आणि सॉकेट बदललं की बोर्ड बदलतो, बोर्ड बदलला की बहुधा रॅमही. तेव्हा तो नवा संगणकच झाला. ग्राफिक्स कार्डची गरज गेम आणि व्हिडिओचं काम करणाऱ्यांना. ते घेताना लांबी, एसएमपीएसची वॉट क्षमता आणि वीज देणाऱ्या पिना, तिन्ही मोजा.

एसएमपीएस बदलताना एक धोक्याची सूचना. ज्यांच्या केबल सुट्या होतात अशा एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. तोंड जुळतं, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. १२ व्होल्ट भलत्या पिनवर गेले की डिस्क त्याच क्षणी जळते.

विंडोज १० वर असाल तर

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालत राहतो, पण सुरक्षेची नेहमीची अपडेट बंद झाली. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (फक्त विश्वासू प्रोग्रॅमनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. पीसी हेल्थ चेक हा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्रॅम तुमचा संगणक पात्र आहे का ते सांगतो. टीपीएम नाही असं उत्तर आलं तर लगेच हार मानू नका. कित्येक बोर्डांत ते असतं, फक्त बंद असतं. बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा.

प्रोसेसरच जुना असेल तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा विचार जरूर करा. पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येतं. वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं चालतंय का ते तिथेच तपासा. ज्याचं काम ब्राउझरमध्येच होतं, त्याला ते दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

झाकण लावलं आणि संगणक सुरूच होत नाही

घाबरू नका, बहुतेक वेळा काही जळलेलं नसतं. एसएमपीएसच्या मागचं बटण चालू आहे का ते पाहा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी बोर्डाला लावली गेली नाही ना, तेही पाहा. पंखे फिरतात पण पडदा काळा, तर रॅम काढून पुन्हा बसवा, नंतर एकच पट्टी लावून पाहा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, तेवढा धीर धरा. डिस्क सापडत नाही असा संदेश आला तर काम करताना हाताने साटाची केबल सैल झालेली असते.

घड्याळ रोज मागे पडत असेल किंवा बायोसची सेटिंग विसरली जात असेल, तर बोर्डावरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपलीय. ती बदलायला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेलाय किंवा झाकण नीट बसत नाहीये असं दिसलं, तर मात्र आतली मुख्य बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंग लगेच थांबवा आणि जाणकाराकडून काढून घ्या.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि कपाटात ठेवा. महिनाभरात एखादी विसरलेली फाईल, एखादा जपलेला पासवर्ड, ब्राउझरमधल्या खुणा, काहीतरी आठवतंच. महिना उलटला आणि तिची आठवण झाली नाही, की तिची तब्येत पुन्हा तपासा. ठणठणीत असेल तर पूर्ण फॉरमॅट मारा, यूएसबीच्या आवरणात घाला आणि बॅकअपची दुसरी प्रत तिच्यावर घ्यायला सुरुवात करा.